पहाटे एका जागी शांत बसायचं कसं: जागा हेरण्यापासून परत निघेपर्यंत

पहाटे टेकडीवर, तळ्यावर किंवा शेताच्या बांधावर जाऊनही मन होतं तसंच राहिलं, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. यात चूक मनाची क्वचितच असते, बहुतेक वेळा ती क्रमाची असते. लोक ऐन सूर्योदयाला पोचतात, धापा टाकत बसतात, लगेच डोळे मिटतात आणि दहाव्या मिनिटाला उठतात. आपण एखाद्या जागी पाऊल टाकलं की पायाजवळचे रातकिडे थांबतात, झुडपातले पक्षी गप्प होतात किंवा लांब सरकतात. त्यांना पुन्हा आपापल्या कामाला लागायला साधारण पंधरा-वीस मिनिटं जातात. जे ऐकायला आणि बघायला आलो ते सुरू होण्याआधीच आपण उठलेले असतो.

खालची पद्धत सव्वा तासाची आहे. उजेडाआधी पोचायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि जागा एकच धरायची. या तीन गोष्टींत तडजोड केली तर बाकीचं सगळं नीट करूनही फारसं हाती लागत नाही.

टप्पा १: जागा हेरणं (दिवसाउजेडी, निदान दोन दिवस आधी)

जागा घरापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत असावी. गाडी काढून जावं लागतं अशी जागा कितीही सुंदर असली तरी तिथे आपण दोनदा जातो आणि थांबतो. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात एकदा जरूर जाऊन या, पण निफाड तालुक्यात राहत नसाल तर ती तुमची रोजची जागा होऊ शकत नाही. सोसायटीमागचा ओढा, गावाबाहेरची देवराई, पाझर तलावाचा बांध, पुण्यात असाल तर वेताळ टेकडीची घराकडची बाजू, यांतलं जे जवळ असेल ते चालेल. झाडाच्या शेंड्याला लागून असलेली गच्चीसुद्धा चालते, आणि काही ठिकाणी तीच योग्य असते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

जवळची जागा मिळाली की पुढच्या गोष्टी पाहा.

पाठीला आधार हवा, झाडाचं खोड किंवा मोठा खडक. याने पाठ दुखत नाही हा एक फायदा. दुसरा याहून मोठा आहे. उघड्यावर बसलेल्या माणसाची आकृती आभाळावर उठून दिसते आणि पक्षी जवळ येत नाहीत. खोडाला टेकलं की ती आकृती खोडात मिसळून जाते.

तोंड पश्चिमेला किंवा उत्तरेला असावं. सगळे पूर्वेकडे तोंड करून बसतात आणि सूर्य वर आला की डोळ्यांवर हात धरतात. पाठीशी सूर्य असेल तर समोरचं प्रत्येक झाड उजळताना दिसतं आणि डोळे दिपत नाहीत.

समोर वीस-तीस पावलं मोकळी जागा आणि त्यापलीकडे झाडी, पाणी किंवा गवताची कड असावी. माळ आणि झाडी, पाणी आणि चिखल असं जिथे दोन प्रकारचं रान भेटतं तिथे हालचाल सगळ्यात जास्त असते. दाट झाडीच्या पोटात बसलं तर आवाज पुष्कळ येतात, दिसत मात्र काही नाही.

फिरायला येणाऱ्यांच्या वाटेपासून निदान तीस पावलं आत बसा, नाहीतर दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारेल, "काय हो, बरं वाटत नाही का?"

सावध: वर मान करून नीट बघा. नारळ आणि फणसाखाली बसू नका. आंब्यावर किंवा काजूवर पानं विणून केलेलं तांबड्या मुंग्यांचं घर असेल (कोकणात यांना ओंबील म्हणतात) तर ते झाड सोडा. कड्यावर किंवा उंच फांदीला आग्या मोहोळ लटकत असेल तर तिथून लांब जा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला खाजकुयलीच्या सुकलेल्या, सोनेरी लव असलेल्या शेंगा आसपास नाहीत ना ते बघा. वाऱ्याने ती कुसं उडतात आणि अंगाला आग लावतात. खाजवलं की ती आणखी पसरतात.

तपासणी: निवडलेल्या जागी दिवसा दहा मिनिटं बसून पाहा. बुडाखाली खडा टोचत असेल, उताराने शरीर एका बाजूला सरकत असेल, गुरांची वाट असेल (तिथे गवतात गोचीड हमखास), तर हे आताच कळेल. अंधारात कळलं तर सगळी पहाट चुळबुळीत जाईल.

टप्पा २: वेळ ठरवणं

गजराची वेळ वर्षभर एकच ठेवणं ही फार मोठी चूक. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य साधारण सहाला उगवतो आणि जानेवारीच्या मध्याला सव्वासातला. सगळ्यात उशिराचा सूर्योदय सगळ्यात लहान दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, नसतो. तो जानेवारीत येतो. नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा वीस ते तीस मिनिटं आधी उगवतो, म्हणून दिनदर्शिकेवर छापलेली वेळ कोणत्या गावाची आहे ते पाहून घ्या.

सूर्योदयाच्या वेळेतून ४५ मिनिटं वजा करा. तेव्हा तुम्ही जागेवर बसलेले हवेत. पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ४८ मिनिटं आधी संपतो, तो संपता संपता बूड टेकलेलं असावं. आपल्याकडे सूर्योदयाच्या आधी साधारण २२ ते २४ मिनिटं जमिनीवरचं स्पष्ट दिसू लागतं. त्याआधीची वीस मिनिटं आजूबाजूला तुमची सवय होण्यासाठी आहेत. ती अंधारात उरकली की फटफटतं तेव्हा तुम्ही त्या जागेचाच भाग झालेले असता.

सूर्योदयानंतर तीस मिनिटं थांबायचं. एकूण सव्वा तास झाला.

टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

सामान आदल्या रात्री दाराशी काढून ठेवा. पहाटे मफलर शोधण्यात दहा मिनिटं गेली की पुढचं सगळं घाईत होतं.

बसायला जुन्या गोधडीची घडी आणि तिच्याखाली गोणपाट किंवा फोमची चटई. दाबल्यावरही चार बोटं जाडी उरली पाहिजे. खडक आणि ओली माती अंगातली ऊब ओढून घेतात, त्यामुळे नुसत्या वर्तमानपत्रावर अर्धा तासही निघत नाही.

कपडे चालण्याच्या हिशेबाने नव्हे, बसण्याच्या हिशेबाने घ्या. थंडीचा सगळ्यात कडक वेळ मध्यरात्रीचा नसतो. रात्रभर जमीन ऊब सोडत असते आणि कोवळं ऊन ती भरून काढू लागेपर्यंत गारठा वाढतच जातो, म्हणजे ऐन सूर्योदयाच्या सुमाराला आणि त्यानंतर थोडा वेळ. नेमक्या त्या वेळी तुम्ही अर्धा तास हललेले नसता. म्हणून चालताना लागतो त्यापेक्षा एक थर जास्त घ्या आणि तो बसल्यावर अंगात घाला. चालतानाच घातला तर घाम येतो आणि मग तोच घाम गार पडतो. रंग मातकट, हिरवा किंवा राखाडी असावा. सरसर वाजणारं जॅकेट नको. अत्तर, सुगंधी तेल नको, मधमाश्या त्याने बिथरतात.

याशिवाय टॉर्च, काठी, अर्धा लिटर पाणी, वही आणि पेन्सिल (दवाने पेनची शाई पसरते) आणि घोट्याच्या वर येणारे बूट घ्या. फोन जवळ ठेवा, पण विमान-मोडवर आणि पिशवीच्या तळाशी. कॅमेरा आणि दुर्बीण पहिले पंधरा दिवस घरी ठेवा. दुर्बीण वाईट नाही, पण ती हातात आली की आपण पक्षी शोधायला लागतो आणि बसणं राहून जातं.

रात्रीचं जेवण हलकं ठेवा. पहाटे चहा प्यायची सवय असेल तर अर्धा कपच प्या. तासभर बसायचं आहे आणि सगळं लक्ष लघवीकडे जाण्याइतकं वाईट काही नाही.

टप्पा ४: जागेपर्यंत चालणं

अंधारात चालताना टॉर्च पायांसमोर जमिनीवरच मारा आणि साध्या पांढऱ्या उजेडाचाच वापरा. रातदृष्टी जपण्यासाठी लाल उजेड वापरावा असं पुष्कळ जण सांगतात. ते बसल्यानंतरसाठी ठीक आहे. चालताना मातीच्या रंगाची घोणस किंवा कोकणातल्या जांभ्यावरचं फुरसं लाल उजेडात चटकन दिसत नाही. काठी जमिनीवर आपटत चला, सापाला जमिनीतली थरथर जाणवते आणि तो बाजूला होतो.

शेवटची शंभर पावलं अर्ध्या वेगाने टाका. बोलणं बंद, टाच अलगद टेकवायची. धाप लागलेल्या अवस्थेत बसलं की पहिली दहा मिनिटं स्वतःचाच श्वास ऐकू येत राहतो.

जागेवर पोचलात की बसण्याआधी टॉर्चने आसन, खोडाचा बुंधा आणि मागची बाजू बघा. काठीने पालापाचोळा सारा. दगड हाताने उचलू नका, त्याखाली विंचू असू शकतो. मग टॉर्च बंद करा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या पडद्याकडे एकदा पाहिलं तरी ती मोडते.

सावध: जुन्नर, आंबेगाव, शिरूरसारख्या उसाच्या पट्ट्यात किंवा मुंबईत आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहत असाल तर उजाडण्याआधी जमिनीवर एकट्याने बसू नका. बिबट्या त्या वेळी फिरता असतो आणि बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो. अशा ठिकाणी गच्ची हीच जागा, नाहीतर पूर्ण उजाडल्यावर बसा. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात दार उघडण्याच्या वेळेआधी शिरायचं नाही, हे सगळीकडेच.

बाहेर कुठेही जा, घरी सांगून जा. सोबत कुणी असलं तर फारच चांगलं. वीस पावलांच्या अंतराने बसा आणि परत निघेपर्यंत बोलायचं नाही हे आधीच ठरवून घ्या. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. चावलेला अवयव न हलवता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोचा.

टप्पा ५: पहिली वीस मिनिटं, फक्त कान

मांडी घातलीच पाहिजे असं नाही. गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील इतकं आसन उंच करा. पाय पुढे सोडून किंवा एक गुडघा उभा ठेवून बसलात तरी चालेल. पद्मासनाचा हट्ट धरणाऱ्यांच्या पायाला पंचविसाव्या मिनिटाला मुंग्या येतात आणि नेमकं तेव्हाच समोर काहीतरी घडत असतं.

दहा श्वास मोजा. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, त्याचा इथे उपयोग आहे. दहा झाले की मोजणं सोडा. पुढे तासभर श्वासावर लक्ष धरून ठेवू नका. लक्ष बाहेर न्यायचं आहे.

अंधार आहे तोवर कानांनी काम करा. आधी सगळ्यात लांबचा आवाज धरा: महामार्गावरचा ट्रक, देवळातला भोंगा, दूरचा कुत्रा. मग त्याहून जवळचा. असं करत करत बुडाजवळच्या गवतातल्या किड्यापर्यंत या. नंतर हेच उलट करा. नको असलेले आवाज गाळू नका. ट्रकही ऐका. तो गाळायला गेलात की तेवढाच ऐकू येतो.

आवाजांना क्रम असतो आणि तो आठवडाभरात ओळखीचा होतो. माळरानावर अगदी काळोखात रातवा ठोके दिल्यासारखा बोलत असतो. पिंगळ्यांची किचकिच होऊन ते ढोलीत परततात. कोतवाल फार लवकर बोलू लागतो. मार्च ते जूनमध्ये दयाळ पूर्ण उजाडायच्या आधीच उंच टोकावर बसून शीळ घालतो. मग भारद्वाजाचं खोल हूप-हूप, बुलबुल, शिंपी, साळुंक्या. तांबटाची टुकटुक बहुधा ऊन आल्यावरच. मे-जूनमध्ये पावश्या आणि पाऊस सुरू झाला की नवरंगाची दोन सुरांची शीळ. नावं येत नसली तरी काही बिघडत नाही. "पहिला", "ठोकेवाला", "खोल आवाजाचा" एवढं पुरे.

तपासणी: वीस मिनिटं झाली की नाही हे घड्याळात बघू नका. तुम्ही बसताना पायाजवळचे जे रातकिडे थांबले होते ते पुन्हा सुरू झाले असतील, तर जागेने तुम्हाला स्वीकारलं आहे.

टप्पा ६: उजाडताना, डोळे मोकळे सोडणं

आता नजर. दोन्ही हात समोर लांब करा, बोटं हलवत हात हळूहळू दोन्ही बाजूंना न्या आणि समोर बघत असतानाच बोटांची हालचाल दिसते त्या टोकापर्यंत थांबा. तेवढा सगळा पट्टा एकदम बघायचा. हात हळूच मांडीवर आणा, नजर तशीच राहू द्या. कशावरही रोखायची नाही. अशा नजरेला बारीक तपशील दिसत नाही, पण हालचाल फार लवकर कळते. शिवाय एका वस्तूवर खिळलेली नजर विचारांना खाद्य पुरवते आणि पसरलेली नजर ते पुरवत नाही, हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

सूर्योदय झाला की नजर एका झाडावर आणायला हरकत नाही. समोर सावर असेल तर फारच उत्तम. ऊन आधी शेंड्यावर पडतं, तांबूस, आणि मग खोडावरून खाली उतरू लागतं. फेब्रुवारीत सावर फुललेली असते. शेंड्याची लाल फुलं उजळली की साळुंक्या आणि कोतवाल तिथे येतात, तेव्हा खालच्या फांद्या अजून निळसर सावलीत असतात. उन्हाची कड एकेक काटा उजळत खाली येते. तिच्याकडे सलग बघितलं तर सरकताना दिसत नाही, पण दुसरीकडे बघून परत आलं की वीतभर खाली आलेली असते. ती बुंध्याशी पोचली की गवतातल्या जाळ्यांवरचं दव चमकतं. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत माळावर किती कोळी राहतात हे त्या दहा मिनिटांतच दिसतं. दव वाळलं की जाळी पुन्हा दिसेनाशी होतात. उन्हाचा तुकडा जमिनीवर आल्यानंतर थोड्याच वेळात त्याच तुकड्यात मुंग्यांची रांग सुरू होते.

मन भटकणारच. कामाचा ईमेल आठवेल, काल कोण काय बोललं ते आठवेल. विचार थांबवायचा प्रयत्न करू नका, त्यात अख्खी पहाट जाते. भटकलो हे लक्षात आलं की एकच करा: आत्ता येत असलेला सगळ्यात लांबचा आवाज धरा. शंभर वेळा भटकलात तर शंभर वेळा धरा. पंधराव्या दिवशीही हेच करावं लागतं.

सावध: हालचाल करायचीच झाली तर अगदी हळू करा. डास मारण्यासाठी फटकन उगारलेला हात मागची अर्ध्या तासाची बैठक वाया घालवतो. ओडोमॉस किंवा कडुनिंबाचं तेल आधीच लावून या.

एकाएकी टिटवी ओरडली, खार शेपटी उडवत चिरकू लागली किंवा सातभाईंचा थवा एकदम कलकलला, तर ते तुमच्यामुळे आहे की आणखी कशामुळे ते बघा. आवाज एका दिशेने सरकत असेल तर त्याखालून काहीतरी चालतं आहे, बहुधा मांजर, मुंगूस किंवा माणूस. सगळं एकदम चिडीचूप झालं तर वर बघा, शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) असू शकतो. चिरक तुमच्या दिशेनेच येत असेल आणि समोर काही दिसत नसेल तर बसून राहू नका, शांतपणे उभे राहा.

टप्पा ७: उठणं

अचानक उठू नका. आधी पायांची बोटं, मग घोटे, मग गुडघे हलवा. खोडाला हात देऊन उभे राहा आणि अर्धा मिनिट तसेच थांबा, बधिर पायाने उतारावर पडणं सोपं असतं. उठायची वेळ गजराने ठरवू नका. एखादी खूण धरा: ऊन अमुक फांदीवर आलं, खडकाच्या सावलीची कड या भेगेला टेकली की उठायचं. खूण दर दोन आठवड्यांनी थोडी सरकेल, तेही पाहण्यासारखं आहे.

फोन घरी पोचेपर्यंत सुरू करू नका. वहीत जागेवरच तीन ओळी लिहा: तारीख आणि हवा, पहिला आवाज कोणाचा, आणि काल नव्हती अशी एक गोष्ट. मनाला कसं वाटलं ते लिहू नका. ते लिहायला लागलं की उद्याची बैठक आजच्या बैठकीशी स्पर्धा करते.

ऋतूप्रमाणे बदल

पावसाळ्यात सह्याद्रीत जळवा असतात. मोजे पँटवर ओढा आणि त्यांवर तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावा. विजा चमकत असतील तर झाडाखाली आणि उघड्या माथ्यावर बसायचं नाही, परत फिरायचं. कासच्या पठारावर किंवा कोणत्याही सड्यावर (कातळाच्या पठारावर) फुलांच्या दिवसांत खडकाच्या उघड्या भागावरच बसा, दोन इंच मातीत वर्षभराचं बी असतं. हिवाळ्यात शहरांत धूर आणि धूळ पहाटे जमिनीलगत दबून राहतात. दमा असलेल्यांनी तळ्याकाठच्या खोलगट जागेपेक्षा टेकडीचा मध्य निवडावा किंवा धूर डोळ्यांना झोंबत असेल त्या दिवशी जाऊच नये. हिवाळ्यात गाणंही कमी असतं, त्याने निराश होऊ नका. तेव्हा नजरेचं काम जास्त.

हमखास अडणाऱ्या जागा

झोप येते: पाठ जास्त टेकलेली आहे. फक्त कंबर टेकवा, खांदे मोकळे ठेवा. तरीही येत असेल तर रात्री अकरानंतर जागणं हेच कारण, त्यावर जंगलात उपाय नाही.

काहीच घडत नाही: जागा वाटेच्या फार जवळ आहे किंवा तुम्ही उजाडल्यावर पोचता. या दोन्हीही नसतील तर आणखी सात दिवस तिथेच बसा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच जागा रिकामी वाटते.

रोज जमत नाही: आठवड्यातून तीन दिवस ठरवा आणि तेच वार ठेवा. चुकलेला दिवस रविवारी दोन तास बसून भरून काढू नका, सव्वा तासानंतर अंग आखडतं आणि उरलेला वेळ वाट बघण्यात जातो.

जागा बदलावीशी वाटते: झाड पडलं, बांधकाम सुरू झालं, कुत्र्यांची टोळी आली, तर बदला. नुसता कंटाळा आला म्हणून बदलत असाल तर एक महिना थांबा, आणि त्या महिन्यात आसन तेच ठेवून फक्त तोंड दुसऱ्या दिशेला करा.